शेवटच्या पेपरनंतर

शेवटचा पेपर देऊन मूल घरी येतं आणि दप्तर कोपऱ्यात भिरकावतं. दोन-तीन दिवसांनी कुणीतरी ते उलटं करून झटकतं, तेव्हा वर्षभराचा इतिहास फरशीवर सांडतो. पेन्सिलीची टरफलं, अर्धवट चघळलेलं खोडरबर, हरवली म्हणून दोनदा घेतलेली फूटपट्टी, सहलीची चुरगळलेली सूचना आणि निम्म्या कोऱ्या राहिलेल्या सात-आठ वह्या. वह्या माळ्यावर जातात नाहीतर रद्दीत. मूल खाली खेळायला पळतं. आठवड्याभरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न येतो, ‘सुट्टीत मुलांना कुठे घालायचं?’

घालायला पुण्यात जागा कमी नाहीत. हस्ताक्षर, अबॅकस, नाट्यशिबिर, स्केटिंग, रोबोटिक्स, जे म्हणाल ते आहे. त्यातली काही शिबिरं फार चांगलीही असतात. पण शिबिर चालतं आठ-पंधरा दिवस, आणि राज्य मंडळाच्या शाळांची सुट्टी असते मे महिन्याच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळपास सहा आठवडे. शिबिराची फी सगळ्यांना परवडते असंही नाही. उरलेले दिवस मूल घरातच असतं. त्या घरात, पुण्यातल्या ऐन उन्हाळ्यात, पुस्तक न उघडता किती शिकता येतं याचा हा हिशेब.

विसरणं किती खरं?

सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात ही तक्रार शिक्षक जूनमध्ये दरवर्षी करतात. तिला अभ्यासाचा आधारही आहे. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आधीचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. उन्हाळी सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराच्या शिकण्याइतकी मागे येतात, आणि वाचनापेक्षा आकडेमोड व स्पेलिंगमध्ये घसरण जास्त होते, असं त्यांना दिसलं. पुढे २०१९ मध्ये पॉल फॉन हिपेल यांनी या विषयावरचे जुने निष्कर्ष पुन्हा तपासले, तेव्हा चाचणी बदलली की घसरणीचा आकडाही बदलतो हे लक्षात आलं. म्हणजे घाबरून जाण्याचं कारण नाही, आणि निश्चिंत राहण्याचंही नाही.

शाळा फार काळ बंद राहिली तर काय होतं हे आपण करोनाच्या काळात पाहिलं. अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधली दुसरी ते सहावीची मुलं तपासली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलांनी गमावलं होतं, गणितातलं ८२ टक्के मुलांनी. सहा आठवड्यांच्या सुट्टीची त्या काळाशी तुलना होणार नाही, पण विसरण्याची जात एकच आहे.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ केल्या तर त्यांतला मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. मधे थोडा काळ जाऊ देऊन तीच गोष्ट पुन्हा आठवावी लागली, की ती मुरते. यातला ‘आठवावी लागली’ हा भाग महत्त्वाचा. पुस्तक उघडून पुन्हा वाचण्यापेक्षा, काम अडल्यामुळे डोक्यातून ओढून काढलेली गोष्ट जास्त टिकते. घरात असे अडण्याचे प्रसंग दिवसाला पन्नास येतात. ते आपण मोठी माणसं स्वतःच उरकून टाकतो, एवढंच.

आईच्या हातातलं कार्ड

घर ही शिकण्याची जागा होऊ शकते, हे महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं आहे. २०२२ मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांनी करोनामुळे दोन वर्षं ना अंगणवाडी धड पाहिली होती ना बालवाडी. त्या वर्षी राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. त्याची सूत्रं पुण्यातल्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे होती आणि ‘प्रथम’ संस्थेची साथ होती. रचना साधी होती. एप्रिलमध्ये शाळेत पहिला मेळावा, जूनमध्ये दुसरा, आणि मधल्या उन्हाळ्यात सगळी जबाबदारी आयांच्या गटांवर.

मेळाव्यात मूल एकेका टेबलापाशी जातं. कुठे दोरीवरून चालायचं, कुठे कागद कापायचा, कुठे चित्र बघून गोष्ट सांगायची, कुठे वस्तू मोजायच्या. काय येतं आणि काय अजून यायचंय, याची नोंद आईसमोरच होते. मग वस्तीतल्या चार-पाच आया आठवड्यातून एकदा जमतात, हाती दिलेल्या कार्डावरच्या सोप्या कृती समजून घेतात आणि घरी मुलाकडून करून घेतात. भाज्या निवडताना रंगाप्रमाणे वेगळ्या करायच्या, चपात्या मोजायच्या, चपलांच्या जोड्या लावायच्या. जूनच्या मेळाव्यात तेच मूल पुन्हा त्याच टेबलांपाशी जातं आणि फरक आईला स्वतःला दिसतो.

या आयांपैकी कितीतरी जणींची शाळा चौथी-सातवीला सुटलेली असते. तरी काम अडत नाही. ‘प्रथम’ने बिहार आणि राजस्थानात केलेल्या एका प्रयोगाचा अभ्यास सांगतो, की आयांना साक्षरतेचे धडे आणि मुलांसोबत करायच्या कृती दिल्या, तेव्हा मुलांच्या गणितात थोडी, पण मोजता येईल इतकी सुधारणा झाली. चमत्कार झाला नाही. पण शिकवणीला न जाता झालेली ती सुधारणा होती. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या पदवीधर आईबाबांना यातून एकच घ्यायचं आहे: शिकवायला बसू नका, कामात सोबत घ्या.

कोऱ्या पानांची वही

सुरुवात त्या दप्तरातून निघालेल्या वह्यांपासूनच करावी. पूर्वी पुण्यातल्या कुठल्याही वाड्यात मे महिन्यात हे काम चाले. जुन्या वह्यांतली कोरी पानं सुटी करायची आणि त्यांची पुढच्या वर्षासाठी रफ वही शिवायची. आता वही सहज मिळते म्हणून ते बंद पडलं. पण वही वाचवण्यापेक्षा ती बांधताना जे शिकायला मिळतं, त्यासाठी ते पुन्हा सुरू करण्याजोगं आहे.

आधी अंदाज. ‘सगळ्या वह्यांत मिळून कोरी पानं किती निघतील?’ मुलाने आकडा लिहून ठेवावा, मग मोजावं. पहिला अंदाज बहुतेकदा फार चुकतो, चौथ्या वहीपर्यंत सुधारतो. पानं एकावर एक ठेवून कडा आपटून सारख्या करायच्या. कडेपासून बोटभर जागा सोडून, सारख्या अंतरावर पाच खुणा करायच्या. एकवीस सेंटिमीटरच्या कडेवर पाच खुणा सारख्या अंतरावर कशा येतील, हा प्रश्न पाचवीतल्या मुलाला दहा मिनिटं पुरतो. पाच खुणांच्या मधे जागा चारच, हे कळलं की चेहरा खुलतो. भोकं दाभणीने पाडायची, आणि ती मोठ्या माणसाने पाडायची. जाड दोरा ओवून शिवण घालायची. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून पुठ्ठा चिकटवायचा आणि वर रात्रभर पाटा नाहीतर जाड पुस्तकं ठेवायची.

उरलेली लिहिलेली पानं रद्दीत. रद्दीवाल्याकडे काटा असतो. किलोचा भाव विचारणं, वजन वाचणं, साडेचार किलोचे किती होतात ते सांगणं, हे मुलाचं काम. आणि पाठ्यपुस्तकं चांगली असतील तर अप्पा बळवंत चौक आहेच. जुनी पुस्तकं निम्म्या किमतीच्या आसपास विकणं आणि पुढच्या इयत्तेची तशीच घेणं, हा पुणेरी शेकडेवारीचा सर्वांत जुना धडा. छापील किंमत किती, विक्रेत्याने किती दिले, किती टक्के हाती आले हे मुलानेच काढावं. मिळालेल्या पैशांतून काय घ्यायचं हेही त्यानेच ठरवावं.

ही शिवलेली वही बाजूला ठेवा. पुढच्या सगळ्या उद्योगांच्या नोंदी हिच्यात जाणार आहेत.

मंडईतलं गणित

महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ मध्ये उघडली, तेव्हा गव्हर्नरच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या इमारतीवर पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. जोतीरावांची तक्रार थोडीशी फेडायची असेल तर मुलाला मंडईत शिकायला न्यावं.

मंडईचा हिशेब आणि शाळेचं गणित या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसल्या आहेत, हे अलीकडे नीट सिद्ध झालं आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी-फळं विकणारी मुलं आठशे ग्रॅम बटाटे आणि एक किलो चारशे ग्रॅम कांदे यांचा हिशेब तोंडी, झटपट करत होती. तीच मुलं कागदावर मांडलेल्या साध्या भागाकारापाशी अडत होती. उलट शाळेत नेमाने जाणारी मुलं कागदावर बरी होती, पण बाजारातला तसाच हिशेब त्यांना जमेना. एका जागी आलेलं गणित आपोआप दुसऱ्या जागी जात नाही. मधला पूल कुणीतरी बांधावा लागतो, आणि त्यासाठी सुट्टीसारखा वेळ नाही.

मराठीकडे त्या पुलाचं सामान जुनं आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच या शब्दांत अख्खा अपूर्णांकांचा धडा भरलेला आहे. ‘पावणेतीन’ म्हणजे तीनाला पाव कमी, हे ज्याला कळलं त्याला वजाबाकी आणि अपूर्णांक एकदमच कळले. आपल्या पणजोबांच्या पिढीला साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही पाठ असे. औट म्हणजे साडेतीन. तिन्हीसांजेला परवचा म्हणताना ही घोकंपट्टीच होती, पण दुकानात उभं राहिल्यावर तिचा उपयोग होई. आज इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ‘पावणेदोनशे’ म्हटलं की ते मोबाइलकडे हात नेतं.

म्हणून खेळ असा ठेवा. पन्नास, शंभर आणि दोनशेच्या नोटा मुलाकडे द्या. ऑनलाइन पैसे दिले की सुटे परत घेण्याची वेळच येत नाही, म्हणून त्या दिवशी रोख. यादी चार भाज्यांची. समजा भेंडी साठ रुपये किलो आहे आणि पाऊण किलो घ्यायची आहे. मुलाने आधी तोंडी सांगायचं, मग भाजीवाल्या मावशींना विचारायचं. चूक झाली तर तुम्ही गप्प बसा, मावशी दुरुस्त करतील. त्यांच्याकडून झालेली दुरुस्ती मुलाला लागत नाही आणि लक्षात मात्र राहते. घरी आल्यावर तोच हिशेब शिवलेल्या वहीत, शाळेत मांडतात तसा मांडायचा: साठ गुणिले तीन चतुर्थांश. बाजारातलं गणित कागदावर आणणं, हाच तो पूल.

अगदी लहान मुलांसाठी आंब्याची पेटी पुरे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी काढतो. लहान मुलांचा इथे हमखास घोळ होतो. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचण्याचा पर्याय आला. त्यावरून महाराष्ट्रात केवढा वाद झाला, आणि गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी तो किती शांतपणे झेलला, हे अनेकांना आठवत असेल. घरी वाद घालायची गरज नाही. आंब्यांचे दहा-दहाचे दोन ढीग, पाच सुटे. ढीग बघत म्हटलेलं ‘पंचवीस’ चुकत नाही.

१३ मे, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटं

मे महिन्यात पुण्याच्या डोक्यावर घडणारा एक प्रयोग फुकट बघायला मिळतो. १३ मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या किंचित पुढे, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. साहित्य म्हणजे सरळ उभी राहणारी कुठलीही वस्तू, सपाट जागा आणि खडू. सूर्याकडे मात्र बघायचं नाही, बघायचं ते सावलीकडेच.

कारण असं. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य डोक्यावर येण्याची जागा रोज थोडी उत्तरेकडे सरकत २१ जूनला साडेतेवीस अंशांपर्यंत पोचते आणि परत फिरते. जाताना १३ मेच्या आसपास आणि येताना जुलैच्या अखेरीस ती बरोबर पुण्यावरून जाते. जुलैत ढग असतात, म्हणून आपल्या वाट्याला मेमधलाच दिवस. कोल्हापूरला हा योग साधारण आठवडाभर आधी येतो, नागपूरला जवळपास दोन आठवड्यांनी, आणि दिल्लीला कधीच येत नाही, कारण ती साडेतेवीस अंशांच्या पलीकडे आहे. मामाच्या गावाला गेलेल्या भावंडाला फोन करून ‘तुमच्याकडे सावली किती?’ असं विचारलं, तर पृथ्वी गोल असल्याचा पुरावा घरबसल्या मिळतो.

एका दिवसापेक्षा महिनाभराची नोंद अधिक रंगते. गच्चीत एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा आणि दर रविवारी साडेबाराच्या सुमारास सावलीचं टोक खडूने नोंदवा. १ मेला ती सावली सुमारे सहा सेंटिमीटर, उत्तरेकडे पडते. १३ मेला शून्य. आणि १ जूनला पुन्हा सुमारे सहा सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे. भर दुपारची सावली दक्षिणेला पडते हे मोठ्यांनाही पटत नाही. खडूची खूण पटवते.

‘बरोबर बारा वाजता का नाही?’ हा प्रश्न मुलाकडून आला तर सुट्टी सार्थकी लागली. भारताची घड्याळं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून थोडं अधिक पश्चिमेला आहे. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात, म्हणून पुण्याची मध्यान्ह जवळपास पस्तीस मिनिटं उशिरा होते. मेच्या मध्यात सूर्य घड्याळापेक्षा चारेक मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की उरतात एकतीस.

वाळवणाची प्रयोगशाळा

गच्चीला सोसायटीने कुलूप लावलं नसेल तर मेमध्ये तिथे वाळवण असतं. नसेल तर गॅलरीत एक ताट पुरतं. बटाट्याचा कीस घालायचा असेल तर मुलाला काटा द्या. किलोभर बटाटे वाळल्यावर किती उरतील? बहुतेक मुलं ‘पाऊण किलो’ म्हणतात. रोज संध्याकाळी वजन करून वहीत लिहायचं आणि आलेख काढायचा. पहिल्या दिवशी रेघ झपकन खाली येते, नंतर सपाट होत जाते, आणि शेवटी पाव किलोच्या आसपास किंवा त्याहूनही खाली थांबते. बटाट्यात चार-पंचमांश पाणीच असतं, हे वाचून कळतं त्यापेक्षा काट्यावर बघून जास्त कळतं.

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून चीक काढतात. वाटीभर चीक काचेच्या ग्लासात रात्रभर ठेवला तर सकाळी खाली पांढरा थर आणि वर पाणी दिसतं. पिष्ट पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. तोच चीक शिजवला की मात्र तेच पिष्ट पाणी धरून ठेवतं आणि घट्ट होतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून तासभर ठेवलं की भांड्यात पाणी सुटतं. ते मिठाने बाहेर ओढलेलं कैरीतलंच पाणी, आणि जंतूंमधलंही पाणी मीठ असंच ओढतं, म्हणून लोणचं टिकतं. आजी ‘हात कोरडा कर मगच बरणीत घाल’ म्हणून का ओरडते, याचं उत्तर इथे आहे.

माठातलं पाणी गार का होतं, तेही असंच बघता येतं. दोन सारख्या बाटल्या पाण्याने भरा, एकीवर ओला मोजा चढवा, दोन्ही सावलीत वाऱ्याला ठेवा. तासाभराने हात लावून बघा. मोज्यातलं पाणी उडून जाताना बाटलीची उष्णता घेऊन जातं. पुण्याच्या कोरड्या हवेत हे छान जमतं. हाच प्रयोग कोकणातल्या काकांकडे दमट हवेत केला तर फरक कमी पडतो, आणि का पडतो हा पुढचा प्रश्न.

हे सगळं मुलींबरोबर मुलांनीही करायचं, हे वेगळं सांगायला लागू नये.

हरभरे, काड्या आणि एक सिमला

खेळण्यातून विज्ञान शिकवण्यात पुण्याचं नाव जगभर नेणारा माणूस म्हणजे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून शिकून ते पुण्यात टेल्कोत अभियंता झाले. १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काड्यापेटीतल्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमिती उभी करू लागले. पुढे ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हजारो मुलांना कचऱ्यातून खेळणी करायला लावली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

व्हॉल्व्ह ट्यूब मिळाली नाही तर रात्री भिजवलेले हरभरे आणि दात कोरायच्या काड्या घ्या. तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन करा. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. चौकोनात एक कर्णाची काडी घातली की तोही ताठ राहतो. मग बाहेर पडून विजेचे मनोरे, गोदामांची छपरं आणि पत्र्याच्या शेड बघायच्या आणि त्रिकोण मोजायचे.

जूनच्या तोंडावर एक काम राहतं: पावसाची वाट बघणं, पण मोजमाप घेऊन. हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तिथे मोजतात तसाच पाऊस घरी मोजता येतो. उभ्या, सरळ भिंतींची बरणी उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची फूटपट्टीने मिलिमीटरमध्ये घ्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वीस मिलिमीटर पडला तर दोन हजार लिटर, म्हणजे हजार लिटरच्या दोन टाक्या. दुसऱ्या दिवशी पेपरात शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगावचे आकडे येतात. आपला आकडा त्यांच्याशेजारी लिहायचा. तो जुळत नाही हीच गंमत, कारण पाऊस कोथरूडला वेगळा आणि हडपसरला वेगळा पडतो.

आजीची साक्ष

भाषेसाठी निबंध लिहायला लावू नका, मुलाखत घ्यायला लावा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि मुठेचं पाणी नारायण, शनिवार, कसबा पेठांत घुसलं. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. मुलाने त्यांना चारच प्रश्न विचारावेत. तेव्हा तू कुठे होतीस? पाणी कुठवर आलं? घरातून सगळ्यात आधी काय उचललं? परत आल्यावर काय दिसलं? उत्तरं जशी बोलली तशीच उतरवायची, आजीचे शब्द न बदलता.

कुटुंब मूळ पुण्याचं नसेल तर विषय बदलेल, काम नाही. साताऱ्याच्या आजोबांना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवतो, मराठवाड्यातल्या काकूंना १९७२ चा दुष्काळ किंवा ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. घरातल्या दोन माणसांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला, तर मुलाला इतिहास म्हणजे काय ते कळतं.

वाचायला काही हवं असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. बाबांच्या लहानपणचा एखादा अंक शोधून रात्री वीस मिनिटं मोठ्याने वाचला, तर वाचणाराही गुंततो.

किती आणि कसं?

हे सगळं एका सुट्टीत करायला गेलात तर मूल पळून जाईल, आणि बरोबरच करेल. आठवड्याला दोन उद्योग पुष्कळ झाले. बालवाडी-पहिलीच्या मुलाला निवडणं, मोजणं, जोड्या लावणं आणि गोष्ट सांगणं एवढंच द्या. दुसरी ते चौथीला मंडई आणि वही. पाचवीच्या पुढे सावली, वाळवणाचा आलेख आणि मुलाखत. गॅस, विळी आणि दाभण मोठ्यांच्या हातात. बारा ते चार उन्हात राहायचं नाही. साडेबाराची सावली पाच मिनिटांत, टोपी घालून, मोठ्यांबरोबर मोजायची आणि आत यायचं.

काम खरं असावं. मुलाने केलेला हिशेब आपण चोरून मोबाइलवर तपासतो हे मुलाला कळलं, की तो हिशेब परीक्षा होऊन जातो. मुलाने निवडलेली कोथिंबीर पुन्हा निवडू नका, चार काड्या आमटीत गेल्या तर जाऊ द्या. ‘शाब्बास’पेक्षा ‘मग पुढे काय झालं?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. आणि निम्मा दिवस मुलाला काहीही न करता लोळू द्या. कंटाळा आला की ते स्वतःच काहीतरी काढतं, आणि ते आपल्या यादीपेक्षा बहुधा बरं असतं.

जूनच्या मध्यावर नवं दप्तर भरताना ती घरी शिवलेली वहीही त्यात ठेवा. बाईंनी पहिल्याच आठवड्यात ‘मी सुट्टीत काय केले’ हा निबंध दिला, तर या वर्षी मूल पेन चावत बसणार नाही.